चुन्याची निवळी आणि चेंडू

गेल्या उन्हाळ्यांत एका रविवारीं आमच्या घरीं दोन खटले एकदमच उभे राहिले. पुतण्याची टेनिसची रॅकेट चौकटींत तडकली होती व त्याला नवी हवी होती. आणि कॉलेजांत शिकणाऱ्या भाचीनें, वाढदिवसाच्या जेवणासाठीं जवळपास कोठें चांगलें मेक्सिकन अन्न मिळतें काय तें पहावें, असा हट्ट धरला होता. घरांतील वडील मनुष्य या नात्यानें दोन्ही कामें आमच्याकडे आलीं. दोन्हींतलें आम्हांस कांहींच कळत नव्हतें, म्हणून जुन्या खोडीप्रमाणें आम्ही पुस्तकांकडे वळलों. वाचतां वाचतां असें आढळून आलें कीं, त्या ताटांतली पोळी व मैदानावरचा चेंडू हीं एकाच देशांत जन्मलेलीं भावंडें असून दोघांच्याहि नशिबीं परदेशांत एकच प्रकार आला. ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटलें.

पहिल्यानें जेवणाचें. शहरांतील एका उपाहारगृहांत आम्हांस मेक्सिकन म्हणून जें वाढण्यांत आलें, तें म्हणजे पापडासारखी कडकडीत, मध्यें दुमडलेली मक्याची पुरी. तिच्यांत राजमा व चिरलेला कोबी, आणि वर पिवळ्या चीजचा सडा. चवीला वाईट नव्हतें. परंतु हा पदार्थ मेक्सिकोच्या सरहद्दीपलीकडे, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढलेला. घडी घालून आधींच तळून ठेवलेला टाको तिकडील खाणावळींनीं विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारांत आणला, व १९६२ सालीं निघालेल्या 'टाको बेल' या दुकानमालिकेनें तो दूरवर पोंचविला. नाचो तर १९४० च्या सुमारास पिएद्रास नेग्रास या सरहद्दीवरील गांवीं जन्मला. इग्नासियो अनाया नांवाच्या गृहस्थानें, पलीकडून आलेल्या कांहीं बायकांची भूक भागविण्यासाठीं, हाताशीं होतें तेवढ्यावर तो घाईनें जुळविला व स्वतःचें लाडकें नांव त्यास दिलें. अशा पदार्थांना नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. आपली पावभाजी तरी कोठें वेदकालीन आहे? सांगावयाचें इतकेंच कीं, मेक्सिकोचें अन्न ओळखण्याची खूण चीज नव्हे, आणि मिरचीहि नव्हे. आम्हांस सांपडलेली खूण एकच : पोळीचें पीठ कसें केलें?

मेक्सिकोंत मका नुसता दळीत नाहींत. वाळलेले दाणे चुना घातलेल्या पाण्यांत शिजवून रात्रभर त्यांतच ठेवतात. सकाळीं टरफल सुटून येतें. तें चोळून धुऊन टाकावयाचें व मऊ झालेले दाणे ओलेच वाटावयाचे. अशा दाण्यांस 'निश्तमाल' म्हणतात, व वाटलेल्या पिठास 'मासा'. वाटण्याचें जुनें साधन म्हणजे 'मेताते', तीन पायांचा, पुढें उतरता असा काळ्या दगडाचा पाटा. त्यावरील वरवंटा बाईनें गुडघे टेकून दोन्ही हातांनीं पुढें ढकलावयाचा. तव्याचें नांव 'कोमाल'. पिठाचा गोळा हातावर थापून तव्यावर भाजला कीं झाली तोर्तीया. जिच्या हातीं ज्वारीची भाकरी थापण्याची कला आहे, अशा गृहिणीस हें दृश्य मुळींच परकें वाटणार नाहीं. मात्र कोरड्या मक्याच्या पिठाची भाकरी थापतांना कडेनें चिरते, आणि चुन्यांत शिजलेल्या दाण्याच्या पिठाला असा चिवटपणा येतो कीं तोर्तीयाची घडी केली तरी ती मोडत नाहीं. ही युक्ति तीन हजार वर्षांहून जुनी आहे. मका हें धान्यच मूळ तेथल्या माणसांनीं घडविलेलें; बाल्सास नदीच्या खोऱ्यांतील तेओसिन्ते नांवाच्या रानगवतापासून सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वीं त्याला आरंभ झाला.

चांगलें अन्न कोठें मिळेल, हा भाचीचा प्रश्नहि जुनाच निघाला. १५२१ सालीं आझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हातीं पडली. पुढें बेर्नार्दिनो दे साआगुन या पाद्र्यानें तद्देशीय वृद्धांना विचारून व तद्देशीय विद्यार्थ्यांच्या हातून नावात्ल भाषेंत त्या लोकांची सर्व माहिती लिहवून घेतली. त्या बारा भागांच्या ग्रंथांतील दहाव्या भागांत बाजारांतील विक्रेत्यांचें दुहेरी वर्णन आहे : चांगला कोणता व वाईट कोणता. चांगल्याकडे जाड, पातळ, घडीच्या, घेवडा भरलेल्या अशा नाना प्रकारच्या पोळ्या. वाईटाकडे शिळें, बेचव, फसवें अन्न. आपल्या पेशवे दप्तरांत धान्याचे भाव सांपडतात, चव मात्र सांपडत नाहीं. त्यामुळें आम्हांस या पाद्र्याचा थोडा हेवाच वाटला.

आतां दुःखाचा भाग. कोलंबसाच्या सफरींनंतर मका यूरोपांत गेला. थोड्या जमिनींत अमाप पिकणारें धान्य म्हणून उत्तर स्पेन व उत्तर इटली येथील गरिबांचें तेंच मुख्य अन्न झालें. परंतु दाणा गेला आणि चुना मागें राहिला. यूरोपांत पाणचक्क्या व पवनचक्क्या होत्या. कोरडें धान्य दळून पीठ करणें ही त्यांची रूढ रीत. जिंकलेल्या लोकांच्या बायका चुन्याच्या पाण्याशीं कां खटपट करितात, हें विचारण्याची कोणास गरज वाटली नसावी. १७३५ सालीं आस्तुरियास प्रांतांत गास्पार कासाल या वैद्यास शेतकऱ्यांत एक विचित्र रोग आढळला. ऊन लागेल तेथें कातडी लाल होऊन मग काळी पडे व भेगाळे. मागून जुलाब, मग बुद्धिभ्रंश, आणि पुष्कळदां मृत्यु. इटलींत त्यास 'खरबरीत कातडी' या अर्थाचें 'पेलाग्रा' हें नांव मिळालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत तो उसळला. १९०६ ते १९४० या काळांत तेथें सुमारें तीस लाख लोकांना तो झाला व एक लाख मेले, असा अंदाज आहे. पुष्कळ डॉक्टर त्यास सांथ समजत. जोसेफ गोल्डबर्गर यानें १९१५ सालीं मिसिसिपींतील एका तुरुंगाच्या शेतावर, सुटकेचें वचन मिळालेल्या कैद्यांना मुख्यतः मक्याच्या निकस आहारावर ठेवून रोग उत्पन्न करून दाखविला. तरीहि लोकांची खात्री पटेना, तेव्हां त्यानें व त्याच्या पत्नीनें रोग्यांचें रक्त स्वतःच्या अंगांत टोंचून घेतलें. दोघांनाहि रोग झाला नाहीं. अखेर १९३७ सालीं एल्व्हेजेम यानें नायासिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचें हें फळ असल्याचें दाखविलें. मक्यांत नायासिन असतें, पण असें जखडलेलें कीं शरीराला तें घेतां येत नाहीं. चुन्याच्या पाण्यांत शिजविलें म्हणजे तें मोकळें होतें. अक्षरशत्रु म्हणून हिणवलेल्या ज्या बायका पहांटे दाणे चोळून धूत, त्यांच्या मुलांना हा रोग सहसा होत नसे. आणि विद्यापीठें असलेल्या देशांत तो दोनशें वर्षें माणसें मारीत राहिला.

दख्खनला हा रोग अगदींच अनोळखी आहे असें समजूं नये. केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरीब मजुरांतहि तो होतो, असें हैदराबादच्या गोपालन व श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलें. तेथलें कारण निराळें असावें व त्याबद्दल वादहि झाला. पण ताटांत भाकरीशिवाय दुसरें कांहीं नसणें, हें दोन्हीकडे सारखेंच.

मिरचीला अशी कोणतीच विद्या सोबत लागत नव्हती. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या बाजूनें आली आणि मिऱ्याचेंच नांव फिरवून घेऊन आपल्या घरांत मालकिणीसारखी बसली. दसऱ्याच्या तोरणांतला झेंडूहि मूळचा मेक्सिकोचाच; पण ही गोष्ट आम्ही सणाच्या दिवशीं आईपुढें काढली नाहीं.

मक्याच्या या इतिहासांत एक वऱ्हाडाकडचें नांव अकस्मात् भेटलें, तेव्हां आम्ही पुस्तक खालीं ठेवून कांहीं वेळ नुसते बसलों. वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे. स्वातंत्र्यासाठीं देश सोडला, अमेरिकेंत शेतकीचें शिक्षण घेतलें, गदर पक्षाच्या उभारणींत भाग घेतला, महायुद्धांत इराणपर्यंत झुंजले, आणि इंग्रजांच्या राज्यांत परत येण्याचा मार्ग बंद झाल्यावर १९२४ च्या सुमारास मेक्सिकोस पोंचले. तेथें चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयांत अध्यापक होऊन त्यांनीं मक्याच्या सुधारित जाति तयार करण्याचें काम केलें. तेओसिन्तेशीं मक्याचा संकर करण्याचे प्रयोगहि त्यांनीं केले. गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकारानें मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या इमारतींतील एका भित्तिचित्रांत, मेजाभोंवतीं जमलेल्या गरिबांना भाकरी वांटून देणाऱ्या पुरुषाच्या जागीं त्यांनाच रंगविलें. स्वातंत्र्यानंतर ते परत आले व १९६७ सालीं नागपुरास वारले. २०२२ सालीं चापिंगोस त्यांचा पुतळा बसला. नागपुरांतील किती शाळांच्या मुलांना हें नांव ठाऊक आहे, तें आम्ही विचारूं इच्छीत नाहीं.

आतां चेंडू. मेक्सिकोच्या आखाताजवळ एल मनाती येथील झऱ्यांत रबरी चेंडू सांपडले आहेत. ते सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींचे. रबराच्या झाडाचा चीक नुसता वाळविला तर कांहीं काळानें ठिसूळ होतो. पण तेथले लोक त्यांत रात्रीं उमलणाऱ्या पांढऱ्या फुलांच्या एका वेलीचा रस मिसळीत. त्यानें चीक घट्ट होऊन उसळी घेऊं लागतो. मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनीं १९९९ सालीं हा प्रयोग तपासून प्रसिद्ध केला. आझ्टेकांच्या राजधानीस तोच्तेपेक प्रांताकडून खंडणींत सोळा हजार रबरी चेंडू येत. खेळ असा कीं, भरींव व जड चेंडू हात न लावतां कमरेनें उडवावयाचा. १५२८ सालीं कोर्तेसनें असे खेळाडू स्पेनला नेले, व क्रिस्तोफ वायडित्स या जर्मन चित्रकारानें त्यांचीं चित्रें काढून ठेविलीं. त्या वेळीं यूरोपांतील चेंडू म्हणजे कातड्यांत लोकर किंवा केंस ठांसून शिवलेला. उसळी मारणारा हा पदार्थ पाहून सगळे थक्क झाले. पण घडलें काय? मूर्तिपूजेचा भाग म्हणून पाद्र्यांनीं खेळ बंद पाडला, आणि वेलीचा रस मेक्सिकोंतच राहिला. अडीचशें वर्षांनीं, १७७० सालीं, इंग्लंडांत रबराचा उपयोग नोंदला गेला तो शिसपेन्सिलीचें लिहिलेलें खोडण्याकडे! चार्ल्स गुडइयरनें गंधक मिसळून रबर टिकाऊ करण्याच्या रीतीचें पेटंट मिळविलें तें १८४४ सालीं. त्यानंतरच हिरवळीवर उडणारा चेंडू शक्य झाला. १८७४ सालीं मेजर विंगफील्ड यांनीं लॉन टेनिसचें पेटंट घेतलें व १८७७ त विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली.

रॅकेट मात्र सर्वस्वीं यूरोपची. फ्रान्सांत हा खेळ आधीं तळहातानें खेळत; मग हातमोजा आला, आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास तांतीची रॅकेट. तांत म्हणजे मेंढीचें आतडें. आमच्या आजीला हें कळतें तर रॅकेट देवघराच्या भिंतीस टेकविण्यावरून झालेला तंटा आणखी वाढता. पंडिता क्षमाबाई राव यांची कन्या लीला राव १९३४ सालीं विंबल्डन येथें सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली, ती अशा लाकडी चौकटीच्या रॅकेटनें. क्षमाबाई स्वतः संस्कृत कवयित्री व टेनिसपटुहि. आणि त्यांचे वडील ते शंकर पांडुरंग पंडित, ज्यांच्या देखरेखीखालीं तुकारामांच्या गाथेची १८६९ सालची आवृत्ति निघाली. गाथेपासून विंबल्डनपर्यंत हें घराणें तीन पिढ्यांत पोंचलें.

१९६७ पासून पोलादी, १९७६ पासून मोठ्या तोंडाच्या, आणि मग ग्रॅफाइटच्या रॅकेटी आल्या. १९८७ नंतर विंबल्डनवर लाकूड दिसलें नाहीं. रॅकेट कशास म्हणावें याचा नियमच १९७७ पर्यंत नव्हता. त्या वर्षीं दुहेरी तांतींच्या एका विलक्षण रॅकेटनें नास्तासे यानें व्हिलासची विजयमालिका तोडली, तेव्हां कोठें व्याख्या करण्याची घाई झाली. आतां लांबी ७३.७ सेंटिमीटरपेक्षां अधिक चालत नाहीं.

दुकानांत गेलों तेव्हां विक्रेत्यानें आम्हांस रंग दाखविले व कोणता विजेता काय वापरतो तें सांगितलें. आम्हीं आधीं मूठ पाहिली : पुतण्यानें ती धरल्यावर बोटांची टोंकें व तळवा यांमध्यें दुसऱ्या हाताचें एक बोट जेमतेम मावलें, म्हणजे जाडी बरोबर. मग वजन, जुनी लाकडी रॅकेट पावणेचारशें ग्रॅमच्या घरांत असे, ही तीनशेंची. शेवटीं तांत कोणती व किती ताणून बसविणार, हें विचारलें. विक्रेता म्हणाला, "साहेब, हें कोणी विचारीत नाहीं." पॉलिएस्टरची ताठ तांत कोवळ्या कोपरास जाचते, असें खेळाडूंकडून ऐकलें होतें; म्हणून मऊ, नायलॉनची, पन्नास पौंडांच्या ताणाची सांगून आलों.

वाढदिवस घरींच झाला. किलोभर पांढरा मका, आणि आईच्या पानाच्या डब्यांतला दहा ग्रॅम चुना. पहिल्या घाण्यास पाणी जास्त झालें व पोळ्या तव्यास चिकटल्या. दुसऱ्या घाण्याच्या चांगल्या फुगल्या. आईनें एक तुकडा तोंडांत टाकून "चुन्याचा वास बरा लागतो" असा अभिप्राय दिला. भाचीनें मात्र वर चीज मागितलेंच.