खुटबावची तार आणि विजेची सरकारी बखर

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्यामध्ये खुटबाव नावाचे छोटे स्थानक आहे. पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटर. मुंबईकडून निघालेली विजेची तार १९३० पर्यंत पुण्यात पोहोचली होती आणि त्याच वर्षी १ जूनला दख्खनची राणी धावू लागली. तीच तार खुटबाववरून पुढे दौंडला जायला मात्र २०१७ साल उजाडले. पन्नास किलोमीटरसाठी ८७ वर्षे! आणि तार आल्यावर रोजच्या प्रवाशाला काय मिळाले? विजेच्या लोकलची वाट पाहणाऱ्या पासधारकांना २०१७ मध्ये डेमू मिळाली, म्हणजे डिझेलवर चालणारी गाडी. वर विजेची तार, खाली डिझेलचा धूर. आठ वर्षांनंतर, जून २०२५ मध्येही या मार्गावर दौंड-पुणे डेमू धावतच होती.

याच काळात राज्यात ‘विद्युत वाहन’ हा शब्द घरोघरी पोहोचला. सरकारी घोषणांत, जाहिरातींत आणि अर्थसंकल्पी भाषणांत वीज म्हणजे विजेवरची मोटार, असे समीकरण रुळले. खुटबावच्या डोक्यावरची वीज त्या समीकरणात कुठेच बसत नाही. ती का बसत नाही, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते, कारण वाहतुकीची सरकारी बखर या मुलखात पहिल्यांदा लिहिली जात नाही आणि तिच्यावर शंकाही पहिल्यांदा घेतली जात नाही.

पहिली बखर : आगगाडी

१८५८ साली पुण्याहून भीमेकाठच्या डिकसळपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. बोरघाटाचे काम तेव्हा पुरे व्हायचे होते. ते १८६३ मध्ये झाले. आजचा दौंड तालुका त्या वेळी भीमथडी तालुक्यात मोडत असे. रुळांची कामे आणि अमेरिकेतल्या यादवीमुळे वाढलेले कापसाचे भाव यांनी काही वर्षे या भागात पैसा खेळला. मग भाव कोसळले, सारा वाढला, सावकाराचे कागद फुगले. १२ मे १८७५ रोजी याच भीमथडीतल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. आगगाडी आल्यावर सुबत्ता येते, ही सरकारी बखर सतरा वर्षांतच अशी उघडी पडली.

दुसऱ्याच वर्षी दुष्काळ पडला. आगगाडीमुळे धान्य हवे तिथे नेता येते, म्हणून दुष्काळाचे भय उरले नाही, असे सांगितले जात होते. धान्य येत होतेही. पण ते विकत घ्यायला ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याच्या दृष्टीने स्थानकावरची पोती आणि दुकानातली पोती सारखीच दूर होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या वेळी केलेले काम मला आजच्या वादासाठीही मोलाचे वाटते. सभेने गावोगावची माहिती आपल्या माणसांकरवी गोळा केली आणि दुष्काळाचे वृत्तान्त लिहून सरकारकडे धाडले. सरकारी वृत्तान्तासमोर तिने रयतेचा वृत्तान्त ठेवला.

१८८० च्या दुष्काळ आयोगाने पुन्हा लोहमार्ग वाढवण्यावर भर दिला. तेव्हा गणेश व्यंकटेश जोशी पुढे आले, तेही नाव न सांगता. ते सरकारी शाळेत मुख्याध्यापक होते आणि सभेच्या त्रैमासिकात त्यांचे लेख बिननावाने छापले जात. खुला व्यापार आणि लोहमार्गांचा विस्तार यांचे आर्थिक परिणाम त्यांनी १८८४ मध्ये तपासले. रेल्वे कंपन्यांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती; तोटा आला तर तो भारतीय करदात्याने भरायचा. जोशींचे हत्यार म्हणजे सरकारचेच आकडे. अहवालात मैलांची संख्या अभिमानाने छापलेली असे. जोशी त्या मैलांपुढे खर्च, हमीची रक्कम आणि त्यातून देशी उद्योगाला व शेतकऱ्याला झालेला लाभ मांडून बघत. पुढे १८९७ मध्ये वेल्बी आयोगासमोर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी जी साक्ष दिली, तिच्यामागे जोशींची हीच बैठक होती.

जोशींच्या लेखनातून मला तीन प्रश्न सापडतात. पैसा कोणाचा? लाभ कोणाला? आणि जे मोजून दाखवले आहे, ते मोजण्याजोगे होते का? हे तीन प्रश्न हाती घेऊन पुढच्या दीडशे वर्षांकडे पाहता येते.

रस्त्याची बखर

विसाव्या शतकात मोटारबस आली आणि रेल्वेचे उतारू घेऊ लागली. रेल्वेत सरकारचा पैसा गुंतलेला. म्हणून १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने बसवर परवान्यांची बंधने आली. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली सरकारी बस धावली आणि एस.टी.चा जन्म झाला. ‘गाव तिथे एस.टी.’ या घोषणेवर लोकांनी विश्वास ठेवला, कारण गाडी खरोखरच गावात येत होती. या इतिहासातली ही बाजू विसरता कामा नये. सरकारी शब्दावरचा अविश्वास जन्मजात नसतो. मुलीचे माध्यमिक शिक्षण, आजाऱ्याची ससूनची वारी, बाजारचा दिवस हे सारे त्या लाल डब्याच्या वेळापत्रकावर बेतलेले होते. म्हणून ते वेळापत्रक मोडले की माणसे घोषणाही मोडीत काढतात. २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपात ते पुरतेच मोडले आणि कित्येक गावांतला प्रवास वडापावर आणि दुचाकीवर गेला.

पुण्याभोवतीची लोकल गाडीही एका बाजूलाच वाढली. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून आहे. घाट चढण्यासाठी आणलेली तार पश्चिमेला आयतीच होती; पूर्वेच्या सपाटीवर आधी वाफेने आणि मग डिझेलने काम भागत होते. पण काम भागते, म्हणजे कोणाचे भागते? सोलापूरकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीचे भागत होते. हडपसरला कामावर, पुण्याला महाविद्यालयात जाणाऱ्या यवत, खुटबाव, केडगावच्या माणसाला आपल्या वेळेला थांबणारी गाडी हवी होती. तार आल्यावर फलाटांची उंची आड आली: लोकलला उंच फलाट लागतात, मधल्या स्थानकांचे बुटके. हजारो टन पोलादाचे खांब उभे राहिले, पण हातभर उंचीसाठी गाडी अडली. दौंड १ एप्रिल २०२४ पर्यंत सोलापूर विभागात होते आणि पुणे पुणे विभागात. ज्या प्रवाशाचे सकाळ-संध्याकाळ एकच, त्याचे दाद मागायचे दरवाजे मात्र दोन.

सडकेवरचीही एक गोष्ट. डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात देशातला पहिला बीआरटी मार्ग सुरू झाला, कात्रज-स्वारगेट-हडपसर. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाचे सूत्र होते की रस्त्याची जागा वाहनांऐवजी माणसांच्या हिशेबाने वाटावी. ‘देशातला पहिला’ हे शब्द तेव्हा किती वेळा छापले गेले असतील! पुढे सोलापूर रस्त्यावरच्या त्या मार्गिका मोडून काढण्यात आल्या. सुरुवातीला समारंभ झाला होता. शेवटाला झाला नाही. सरकारी बखरीत आरंभाची पाने जाड असतात, शेवटाची पाने फाटलेली असतात.

विजेची बखर

आता विजेकडे येतो. २०२१ च्या राज्याच्या विद्युत वाहन धोरणात दोन प्रकारची उद्दिष्टे शेजारी शेजारी होती. एक, २०२५ पर्यंत नव्या नोंदणीत दहा टक्के वाहने विजेची. दोन, पाच मोठ्या शहरांतली २५ टक्के सार्वजनिक वाहतूक आणि एस.टी.च्या १५ टक्के गाड्या विजेवर. पहिल्यासाठी मोटारीमागे दीड लाखापर्यंत प्रोत्साहन होते. केंद्राने २०१९ मध्येच विद्युत वाहनांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला होता. २०२५ च्या नव्या धोरणात राज्याने १,९९३ कोटींची तरतूद केली आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतूवर विजेच्या मोटारींना आणि बसना टोल माफ केला.

दुसऱ्या उद्दिष्टाचे काय झाले? १ जून २०२२ रोजी, एस.टी.च्या वर्धापनदिनी, त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर विजेची ‘शिवाई’ निघाली. मग ५,१५० विजेच्या बस घेण्याचा करार झाला. गाड्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत आणि मे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनीच तो करार रद्द करण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी हडपसर ते यवत सहापदरी उन्नत रस्त्याला राज्याने मंजुरी दिली. खर्च ५ हजार कोटींहून अधिक. त्या उन्नत रस्त्याला अगदी समांतर लोहमार्ग आहे, आणि त्या लोहमार्गावर वीज आहे.

जोशींचे प्रश्न इथे लावून पाहू. पैसा सर्वांचा. द्रुतगती मार्गावरच्या टोलमाफीचा लाभ ज्याची मोटार त्याला. खुटबावच्या पासधारकाला त्यातून काही मिळत नाही. आणि मोजले जाते ते काय? नोंदणी झालेली वाहने. एका मोटारीची एक नोंद, एका बसचीही एकच नोंद. मोटारीत दोघे बसतात आणि बसमध्ये पन्नास, हे त्या रकान्यात दिसत नाही. विजेची मोटार धूर सोडत नाही हे खरे. पण हडपसरच्या कोंडीत ती डिझेलच्या मोटारीइतकीच जागा अडवते.

याचा अर्थ वीज हेच थोतांड, असा काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. पुण्याच्या भेकराईनगर आगारातून २०१९ पासून विजेच्या बस धावत आहेत आणि रोज हजारो माणसे त्यांतून जातात. रात्री अकराला खुटबावहून रुग्ण हलवायचा असेल तर चारचाकीच उपयोगी, आणि ती विजेची असली तर उत्तमच. ‘सरकार खोटेच बोलते’ म्हणून हात झटकणे सोपे असते. त्यात सरकारचीही सोय असते, कारण हात झटकणारा हिशेब मागत नाही. जोशींनी नोकरी सांभाळून, नाव लपवून, सरकारचेच अहवाल उलगडून जे केले, ते कष्टाचे होते. त्यांचा अविश्वास बेरीज-वजाबाकी करणारा होता.

तीच बेरीज आज करायची तर सामग्री फार लागत नाही. विद्युत वाहनांवर खर्च झालेल्या प्रत्येक कोटीमागे किती माणसांचा रोजचा प्रवास विजेवर गेला, हा आकडा वार्षिक अहवालात एका ओळीत देता येईल. पुणे-दौंड तारेखालून रोज किती प्रवासी विजेच्या गाडीने जातात आणि किती डिझेलच्या, ही दुसरी ओळ. मधल्या स्थानकांचे किती फलाट पुरेसे उंच झाले, ही तिसरी. माहितीच्या अधिकारात या तिन्ही ओळी खुटबावचा कोणीही पासधारक मागू शकतो. सभेला दुष्काळाचा वृत्तान्त लिहायला माणसे गावोगाव पाठवावी लागली होती. इथे वृत्तान्त लिहिणारी माणसे रोज सकाळी फलाटावर उभीच आहेत.