घाटवाटेवर धावण्याआधी

रस्त्यावरच्या शर्यतींनी आजच्या तरुणांचे समाधान होत नाही, त्यांना डोंगर हवा असतो. रानातल्या पायवाटांनी तासन् तास धावण्याच्या ह्या खेळाला ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात. माझा भाचा त्यातलाच. तांबडी सुर्लहून निघून मोले, कुळें, दूधसागर करीत कॅसलरॉकपर्यंत पळत जायचे, असा त्याचा बेत. वाट आखायला मदत कर म्हणाला. मी धावणारा नव्हे, पण ह्या मुलखाचा इतिहास थोडाफार वाचलेला. त्याचे प्रश्न तीन होते: चढ कसा आहे, पाणी कुठे मिळेल आणि परवानगी कोणाची घ्यायची? आणि वर एक वाक्य : “मामा, ते अगदी अस्पर्श रान आहे!”

ह्या वाक्यापाशी मी थांबलो. अस्पर्श? ज्या देवळापासून तो धावायला सुरुवात करणार, तेच देऊळ ह्याची साक्ष द्यायला उभे आहे. तांबडी सुर्लचे महादेवाचे देऊळ कदंबकाळातले, बाराव्या-तेराव्या शतकातले. ते काळ्या बेसॉल्ट दगडाचे आहे आणि हा दगड घाटापलीकडून आणला असावा असे अभ्यासक मानतात. एवढ्या वजनाच्या शिळा खाली उतरवायच्या तर चांगली रुळलेली वाट हवी. ती असणे स्वाभाविकच होते, कारण गोव्याच्या कदंबांची एक राजधानी सह्याद्रीच्या खाली, आधी चांदोर आणि मग गोपकपट्टण, तर दुसरी सह्याद्रीच्या वर, खानापूर तालुक्यातले हलशी. ज्या राज्याचा एक पाय समुद्रात आणि दुसरा घाटमाथ्यावर, त्याला हा डोंगर म्हणजे दोन खोल्यांमधला उंबरठा होता.

आता चढाचा प्रश्न. घाटवाटा माणसांनी आखल्या खऱ्या, पण त्यांची मापे ठरली ती बैलांच्या पायांनी. गोव्याच्या मिठागरांतले मीठ गोणींत भरून लमाण्यांचे तांडे घाट चढायचे आणि येताना धान्य, मिरची, तंबाखू, कापड घेऊन उतरायचे. लादलेला बैल दिवसाला जेमतेम दहा-बारा किलोमीटर चालतो आणि फार उभा चढ त्याला झेपत नाही. म्हणून जुनी वाट शक्य तिथे वळसे घेत चढते. नकाशावर सरळ रेघ ओढून वेळ वाचवू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. वळसा दिसला तर त्यामागे बहुधा शहाणपण असते.

पाण्याचे उत्तरही तांड्यांनीच देऊन ठेवले आहे. पावसाळा संपला की तांडे निघत, आणि मुक्काम तिथेच पडे जिथे बैलांना पाणी मिळे. त्यामुळे जुन्या मुक्कामाची जागा कळली की पाण्याची जागा कळते. हे मोबाईलच्या नकाशावर सापडत नाही, रानालगतच्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावे लागते.

मग ह्या वाटा मोडल्या कशाने? माझ्या मते ह्याचे मोठे उत्तर एका कागदात आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटिश आणि पोर्तुगीज ह्यांच्यात करार झाला. त्याने गोव्याची मिठागरे इंग्रजांच्या देखरेखीखाली गेली आणि त्याच कराराने मुरगावहून घाटमाथ्यापर्यंत रेल्वे आणायचेही ठरले. म्हणजे बैलांच्या पाठीवरचे मीठही गेले आणि बैलाचे कामही गेले. करार १८९२ साली संपला, पण तोवर १८८८ पासून आगगाडी कॅसलरॉकला पोचू लागली होती. सोनावळी, दूधसागर, करंझोळ अशी स्थानके घेत, ३७ मीटरला एक मीटर असा चढ चढत ती जाते. ३१० मीटरांवरून कोसळणारा दूधसागर आपल्यापैकी बहुतेकांनी प्रथम पाहिला तो तिच्याच खिडकीतून.

ह्या रुळांवर रक्तही सांडले आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही पत्रादेवीकडून आले तसे कॅसलरॉकच्या बोगद्याकडूनही आले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पत्रादेवी आपल्याला आठवते, बोगद्याची वाट आपण विसरत चाललो आहोत.

राहिला परवानगीचा प्रश्न. हे रान १९६९ साली अभयारण्य झाले आणि १९७८ साली त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथे शिरायला वनखात्याचा परवाना लागतो. रुळांवरून चालणे तर रेल्वेच्या कायद्याने गुन्हाच. तेव्हा भाच्याच्या बेतातला कुळें ते कॅसलरॉक हा टप्पा मी खोडायला लावला. उरलेल्या वाटेसाठी आधी अर्ज, मग सराव, असा क्रम सांगितला. तो थोडा हिरमुसला. त्याला म्हटले, ह्यात नवीन काही नाही. आपले पूर्वज रानात शिरताना राखणदाराला सांगून शिरत. रान आपले नाही, तिथे गवा, बिबटा आणि नागराज आधीपासून राहतात, आपण पाहुणे आहोत, ही जाणीव त्या रिवाजात होती. परवान्याचा कागद हा त्याच रिवाजाचा सरकारी अवतार समजावा.

ह्याच रानातून दुपदरी रेल्वे नेण्याचा घाट घातला गेला तेव्हा गोंयकार रस्त्यावर उतरला आणि ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. तेव्हाही दोन्ही बाजूंच्या बोलण्यात हे रान म्हणजे रिकामी जागा असल्यासारखेच होते. कोणाला ती अडचण वाटत होती, कोणाला नंदनवन. तिथल्या धनगर-गवळ्यांची, वाटेवरच्या वीरांची, मिठाच्या गोणींची गोष्ट फारशी कोणी काढली नाही. ज्या रानाला इतिहास नाही असे आपण मानतो ते तोडायला सोपे जाते आणि केवळ खेळाचे मैदान करायलाही.

म्हणून धावणाऱ्या मुलांना माझे एवढेच सांगणे. बूट, पाण्याची पिशवी, घड्याळ हे सगळे घ्या. पण निघण्याआधी एक दुपार सुर्लच्या किंवा मोल्याच्या एखाद्या वयस्कर माणसापाशी बसा. कुठली वाट कुठे उतरत होती, मुक्काम कुठे पडत होता, वाटेत कोणता देव होता, हे विचारून वहीत उतरवून घ्या. मिठाचे तांडे पाहिलेला आता कोणी उरलेला नाही, पण त्यांच्या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकलेली माणसे अजून आहेत. दहा वर्षांनी तीही नसतील आणि मग ते रान खरोखरच अस्पर्श वाटू लागेल.