ग्रेपचं उत्तर चुकतंय? आधी अवतरणचिन्हं आणि पाइप तपासा

फोनवर टर्मक्स टाकलंय किंवा लॅपटॉपवर लिनक्स आहे? मग फाइलमधला मजकूर शोधायला ग्रेप ही कमांड रोज लागते. नवख्यांच्या चुका बहुतेक दोनच ठिकाणी होतात, अवतरणचिन्हं आणि पाइप.

उदाहरण घेऊ. धुळे जिल्ह्यात विधानसभेचे ५ मतदारसंघ आहेत. त्यांची 'जागा' नावाची फाइल अशी:

५ साक्री
६ धुळे ग्रामीण
७ धुळे शहर
८ शिंदखेडा
९ शिरपूर

(इथे कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना कमांडची नावं इंग्रजी अक्षरांत लिहा.)

१. अवतरणचिन्ह विसरलं

ग्रेप धुळे ग्रामीण जागा

शेल ही ओळ स्पेसवर तोडतं. ग्रेपला वाटतं, शोधायचा शब्द फक्त 'धुळे', आणि 'ग्रामीण' व 'जागा' या दोन फाइली! त्यामुळे 'ग्रामीण' फाइल सापडत नाही असा एरर येतो, पण 'जागा'मधल्या धुळ्याच्या दोन्ही ओळी दिसतात. हेच पुढे मोजणीला (डब्ल्यूसी -एल) पाठवलं, तर १ ऐवजी २ येतं. एरर पाइपमधून जात नाही, तो थेट स्क्रीनवर येतो. मोठ्या स्क्रिप्टमध्ये तो नजरेतून सुटला की चुकीचा आकडा खरा वाटतो.

बरोबर: ग्रेप 'धुळे ग्रामीण' जागा

२. वाकडी अवतरणचिन्हं

कमांड व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून कॉपी केली की कधीकधी ‘ ’ अशी वाकडी चिन्हं येतात. शेलला ती साधी अक्षरंच वाटतात. सरळ ' स्वतः टाइप करा. डबल " मध्ये $ चा अर्थ शेल लावतं, सिंगलमध्ये लावत नाही. म्हणून शोधताना सिंगल बरं.

३. | चे दोन अर्थ

ग्रेप शहर|ग्रामीण जागा

इथे | म्हणजे पाइप, एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारा. शेल 'ग्रामीण' नावाची कमांड शोधतं, आणि पहिला ग्रेप तुम्ही काही टाइप कराल म्हणून वाट बघत बसतो. कंट्रोल-सी दाबून बाहेर पडा. 'किंवा' हवं असेल तर:

ग्रेप -ई 'शहर|ग्रामीण' जागा

(ई मोठ्या लिपीतला.) 'आणि' हवं असेल तर खरा पाइप:

ग्रेप 'धुळे' जागा | ग्रेप 'शहर'

४. सगळ्यात महागात पडणारी चूक

ग्रेप 'धुळे' जागा > जागा

ग्रेप सुरू व्हायच्या आधीच शेल > पुढची फाइल रिकामी करतं. म्हणजे पाचही ओळी गेल्या, आणि अनडू नाही! आउटपुट नेहमी वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये घ्या.

लक्षात ठेवा: ओळ आधी शेल वाचतं, मग ग्रेप. उत्तर विचित्र आलं तर शेलने ती ओळ कुठे तोडली, ते आधी बघा.