अंगणातील सेवा आणि तिचा हिशेब

सेवाकार्य काढायचे ठरले की पहिला प्रश्न पैशाचा निघतो आणि त्याच्या मागोमाग विश्वासाचा. दिलेल्या रुपयातील किती गरजूच्या हाती पडतो आणि किती कचेरीच्या भाड्यात, पगारात, छपाईत जिरतो, ही शंका दात्याच्या मनात असतेच. म्हणूनच ‘आमच्याकडे सारे स्वयंसेवक, व्यवस्थेचा खर्च शून्य’ असे सांगणारे मंडळ सर्वांना प्रिय वाटते. सातपाटीसारख्या मच्छीमारांच्या गावात मात्र वेगळा अनुभव आहे. डिझेल, बर्फ आणि जाळ्यांची डागडुजी यांवाचून पापलेट किनाऱ्याला लागत नाही, हे तेथे लहान मुलालाही ठाऊक असते. मग सेवेची होडी बिनखर्चाने कशी चालावी? एक पॅरिसचे आणि दुसरे आपल्याच जिल्ह्यातले, अशी दोन उदाहरणे आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

1832 साली पॅरिसमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसे दगावली. त्याच सुमारास विद्यापीठातील काही कॅथलिक तरुणांना वादसभेत प्रतिपक्षाने सवाल केला : तुमच्या ख्रिस्तसभेचा गतकाळ थोर असेल, पण आज ती गरिबांसाठी काय करते? हा सवाल फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याच्या जिव्हारी लागला. 23 एप्रिल 1833 रोजी, त्याच्या विसाव्या वाढदिवशी, हे मोजके मित्र एकत्र जमले आणि संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा आरंभ झाला. बैठकीची जागा होती एमान्युएल बायी या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या वृत्तपत्राची कचेरी. म्हणजे भाड्याचा प्रश्न मिटला. गरीब कुटुंबांची नावे दिली धर्मभगिनी रोझाली रेंद्यू यांनी. म्हणजे चौकशीचा खर्च वाचला. बैठकीच्या शेवटी गुप्तदानाची झोळी फिरे. कोणी किती टाकले हे कोणालाच कळत नसे. सभासद स्वतः घरोघर जात, म्हणजे पगारी माणूसही नको.

परंतु हा खर्च नाहीसा झाला होता का? आमच्या मते तो फक्त दुसऱ्यांनी उचलला होता. बायींनी छप्पर दिले. रोझालीबाईंनी त्या दरिद्री वस्तीत घालवलेल्या अनेक वर्षांची ओळख दिली. आणि आठवड्यातून एखादी गृहभेट हे काम असे होते की, विद्यार्थ्याला अभ्यास सांभाळून ते करता येई. ओझानाम यांना 1997 साली व रोझालीबाईंना 2003 साली ‘धन्यवादित’ घोषित करण्यात आले; तरुणाच्या उत्साहाबरोबर अनुभवी हाताचाही गौरव झाला, हे उचितच होय.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. सातपाटीच्या उत्तरेस, डहाणूच्या पलीकडे बोर्डी हे गाव आहे. तेथे 1945 साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बालविधवा म्हणून आयुष्य सुरू झालेल्या व शिक्षिका बनलेल्या अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. गावात बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा बालवाडीच वस्तीत गेली आणि अंगणात भरू लागली. माँटेसरी पद्धतीची महाग साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आणि पाने आली. पुढे कोसबादच्या टेकडीवर काम गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. इमारत नाही, बाके नाहीत, आणि तरीही शिक्षण अस्सल.

मात्र येथे एक भेद ध्यानात घ्यावा. अंगण उसने मिळते, शिंपले फुकट मिळतात. पण रोज सकाळी मुलांना न्हाऊ घालणारी, त्यांची नखे कापणारी, गाणी शिकवणारी सेविका उसनी मिळत नाही. तिला शिकवून तयार करावे लागते आणि तिची चूलही पेटावी लागते. म्हणूनच सेविकांचे प्रशिक्षण हे कोसबादच्या कार्याचे मोठे अंग ठरले. अनुताईंनी तर 1992 साली निधन होईपर्यंत सारे आयुष्यच या कामी वेचले. असा त्याग वंदनीय आहे. परंतु तो नियम म्हणून दुसऱ्यावर लादता येत नाही.

पुढे नेमके तेच घडले. 1975 साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली आणि ‘अंगणवाडी’ देशभर पोहोचली. तिच्या सेविकांना मात्र वेतन नव्हे, ‘मानधन’ ठरले. शासनाचा खर्च वाचला, तो लाखो स्त्रियांनी सोसला. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने या सेविकांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतरही डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना वेतनवाढीसाठी संप करावा लागला. स्वेच्छेने केलेली सेवा आणि सेवेच्या नावाखाली घेतलेले श्रम यांत किती अंतर आहे, हे यावरून दिसते.

सातपाटीत वा अन्यत्र कोणी नवे सेवामंडळ काढणार असतील, तर त्यांना आमचे सांगणे एवढेच. आजाऱ्याची विचारपूस, गरजूंना धान्य, मुलांना पुस्तके अशी आठवड्याची कामे स्वयंसेवकांनी जरूर करावीत. त्यासाठी कोणाची ओसरी मागून घ्यावी, झोळी फिरवावी, कचेरी थाटू नये. पण पावसाळी मासेमारी बंदीत मोकळा असलेला हात नारळी पौर्णिमेनंतर मोकळा राहत नाही, हेही आधीच जाणावे. रोजचे काम असेल तर करणाऱ्याला रास्त मोबदला द्यावा आणि तो वहीत उघडपणे मांडावा. ज्याने जागा दिली, वेळ दिला, त्याचीही नोंद त्याच वहीत असावी. खर्चाच्या रकान्यात शून्य लिहिताना तो भार कोणी उचलला, त्याचे नाव शेजारी लिहिता आले, तरच तो हिशेब खरा.