खिडकीतला निवडुंग आणि दारातला दुष्काळ

मागच्या महिन्यात लेकीनं बीडमधल्या एका नर्सरीतून निवडुंग आणला. चपट्या फडांचा, वीतभर उंच. किंमत दीडशे रुपये. गावाकडून आलेल्या आईनं खिडकीत बघितला अन् कपाळाला हात लावला. "आगं, फड्या इकत आणला व्हय? बहात्तरला आमचे दादा बांधावरचा तोडून आणायचे. काटे जाळायचे, कोयत्यानं तुकडे करायचे, मूठभर कडब्यात कालवून बैलाम्होरं टाकायचे. त्याच्यावर बैल जगला."

आईचं बोलणं डोक्यातून जाईना. म्हणून या फड्याचा इतिहास लिहितोय. विषय कुंडीचा वाटेल, पण तो आपल्या जिल्ह्याचा आहे.

पहिली गोष्ट, फड्या निवडुंग मुळात आपला नव्हेच. आपला जुना तो त्रिधारी. मोडला की पांढरा चीक येतो. फड्या वेगळ्या कुळातला, अमेरिका खंडातून आलेला. त्याचा फैलाव व्हायला कारण झाला एक किडा. कोचिनील नावाचा हा किडा निवडुंगावर वाढतो आणि त्याच्यापासून लालभडक रंग मिळतो. तेव्हा या रंगाचा व्यापार स्पेनच्या हातात होता. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लाल कोटालाही तोच रंग लागायचा. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीला तो स्वतःच्या मुलखात पिकवायचा होता. मद्रासला डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाची खास बाग उभी केली. १७९५ साली कॅप्टन नीलसन यांनी ब्राझीलहून कलकत्त्याला किडे आणले. पण ते हलक्या जातीचे निघाले. रंगाचा धंदा बुडाला, निवडुंग मात्र इथंच राहिला.

राहिला तो कुंपणाला, गावकुसाला, पडीक रानाला. फड मोडून पडला तरी मूळ धरतो. रान गिळायला लागला तेव्हा सरकारला तो नकोसा झाला. १९२६ साली श्रीलंकेतून कोचिनीलच्याच कुळातला दुसरा किडा आणून सोडला आणि दक्षिण भारतात काही वर्षांतच निवडुंगाची मोठमोठी बनं वाळून गेली. ज्या किड्याला पोसायला निवडुंग लावला, त्याच्याच भावकीकडून तो मारवला. योजना आणायची घाई आणि निस्तरायची पाळी आपल्याकडं नवी नाही.

पण सरकारी कागदावर तण असलेल्या या झाडानं दुष्काळात माणसं-जनावरं धरली. आपला मुलूख तेव्हा निजामाचा, शेजारचं नगर इंग्रजांचं. दुष्काळाला हद्द नव्हती. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात गोरगरिबांनी निवडुंगाची बोंडंसुद्धा खाल्ली. १९७२ ला माणसाला खडी फोडायचं काम मिळालं, सुकडी मिळाली, मिलो मिळाला. दावणीच्या जनावराला काय? आईच्या घरी त्याचं उत्तर फड्या होता.

आता चक्र पुन्हा फिरलंय. बिनकाट्याचा निवडुंग चारा म्हणून लावा, असं आज सरकारच सांगतंय. केंद्राच्या भूसंसाधन विभागानं तो पाणलोटाच्या कामात घेतलाय. उरुळी कांचनची बाएफ संस्थाही त्यावर काम करते. हे झाड रात्री श्वासाची छिद्रं उघडतं, दिवसा मिटून घेतं, म्हणून कमी पाण्यात तगतं. आष्टी-पाटोद्याच्या माळाला असं झाड कोणाला नको?

फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फडात बहुतांश पाणीच असतं, प्रथिनं कमी. नुसता निवडुंग घातला तर जनावर पातळ हगतं. कडबा-भुसा सोबत पाहिजेच. आणि चीक येणारा त्रिधारी चुकूनही दावणीत टाकू नका, तो विषारी आहे. म्हणजे निवडुंग हा जोडचारा झाला. २०१९ ला आपल्या जिल्ह्यात शेकडो छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. उद्या कोणी म्हणालं, निवडुंग लावलाय, आता छावणी कशाला, तर मान डोलवू नका. विचारा, कडबा कुठंय? पाणी कुठंय?

राहिली कुंडी. आठवड्याभरात बुडाशी फड मऊ पडला. लेक रोज ग्लासभर पाणी घालत होती! गल्लीत टँकरची वाट बघायची आणि घरात निवडुंग पाण्यानं कुजवायचा. शेवटी आईनंच वरचा चांगला फड कापला, आठ दिवस सावलीत सुकवला, बुडाला भोक असलेल्या कुंडीत माती अन् जाड वाळू सारखी मिसळून उभा केला. कुंडी पश्चिमेच्या खिडकीत ठेवली, भरपूर उन्हात. माती पार कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. हात लावायचा तर चिमट्यानं किंवा कागदाच्या घडीनं. मोठ्या काट्यापेक्षा बारीक कुसं वाईट, बोटात शिरली की दिवसभर सलतात.

काल त्याला कडेला हिरवा डोळा फुटला. आई म्हणाली, "जगला बघ." कुंडीतल्या फड्याबद्दल म्हणाली का बहात्तरच्या बैलाबद्दल, ते मी विचारलं नाही.

तुमच्या घरात बहात्तरला जनावरं कशावर जगली? म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या आणि खाली लिहा.