वारणेचे संगणक आणि लॅपटॉपचे कार्ड : वेग नेमका कुठे अडतो?

१/
लॅपटॉप जुना, इंटरनेट मंद आणि हाताशी पैसे बेताचे. नवे वायरलेस कार्ड बसविल्यास वेग वाढेल काय? हा प्रश्न आज अनेक विद्यार्थ्यांना पडतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी पन्हाळा तालुक्यातील वारणानगरात याच जातीचा प्रश्न गावोगावच्या संगणकांविषयी उभा राहिला होता. त्याचे उत्तर कसे शोधले गेले, त्याची ही कथा.

२/
प्रथम काळ समजून घेऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या या सेवेत पुढे उत्तमातील उत्तम मोडेमही सेकंदाला ५६ किलोबिटांपलीकडे जात नसे. म्हणजे अडचण तारेत होती. संगणक कितीही नवा घेतला, तरी तार आपला वेग सोडत नसे.

३/
अशा काळात, १९९८ साली, केंद्र सरकारच्या पुढाकाराने ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. निवड वारणेची झाली, कारण तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेले सहकाराचे जाळे तेथे आधीच होते. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणाकाठची सत्तर गावे त्यात धरण्यात आली. खर्चाचा निम्मा भार केंद्राने, ४० टक्के राज्याने आणि उरलेला १० टक्के वारणेच्या संस्थांनी उचलावा, अशी योजना होती.

४/
स्वप्न मोठे होते. गावातील संगणक केंद्रात शेतकऱ्याला बाजारभाव, पिकांचा सल्ला, सरकारी योजनांची माहिती मिळावी, असा संकल्प होता. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य उपयोग कारखान्याच्या कामासाठीच होऊ लागला : उसाची नोंद, तोडलेल्या उसाचे वजन, खताची उचल, बिलाचा हिशेब. शेतकऱ्याला हवी असलेली माहिती बहुधा एका ओळीत मावणारी होती.

५/
सुमारे आठ वर्षे लोटली. संगणकांची देखभाल महाग पडू लागली. सरळ वाट होती यंत्रे बदलण्याची. परंतु बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातील संशोधकांनी आधी या केंद्रांत काय चालते, ते पाहिले. तेव्हा उसाच्या कामाखेरीज संगणक क्वचितच वापरले जातात, हे स्पष्ट झाले. मग एवढ्या कामासाठी संगणक हवाच कशाला, असा प्रश्न पुढे आला.

६/
‘वारणा अनवायर्ड’ हा प्रयोग त्यातून जन्मला. सात गावांत आठ महिने संगणकाचे काम मोबाइलच्या एसएमएसवर सोपविण्यात आले. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची जेमतेम १६० अक्षरे मावतात. तरीही पूर्वीची सर्व कामे पार पडली, खर्च घटला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत अधिक सोयीची वाटली. यंत्र साधे झाले, तरी सेवा सुधारली. कारण शेतकऱ्याची अडचण संगणकाच्या शक्तीत नव्हतीच.

७/
हीच कसोटी आता लॅपटॉपला लावू. १९९९ च्या वायफाय मानकाची कमाल मर्यादा सेकंदाला ११ मेगाबिट होती. २००३ मध्ये ती ५४ झाली. त्याच वर्षी इंटेलच्या ‘सेंट्रिनो’मुळे वायरलेस कार्ड लॅपटॉपच्या पोटात सर्रास बसू लागले. २००९ चे ‘एन’, २०१३ चे ‘एसी’ आणि त्यानंतरचे वायफाय ६ ही पुढची पायरी. मात्र हे आकडे आदर्श स्थितीतले असतात. घरातील भिंती आणि शेजाऱ्यांचे राउटर त्यातला मोठा वाटा खातात.

८/
इंटरनेटची वाट अनेक दुव्यांची असते : सेवेची योजना, राउटर, हवा, कार्ड. वेग सर्वांत अरुंद दुव्याइतकाच. समजा, ‘एन’ प्रकारचे, एका अँटेनाचे, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे कार्ड आहे. खोक्यावर १५० मेगाबिट लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात निम्म्याहून कमीच मिळतात. योजना ३० मेगाबिटांची असेल आणि हवेत फार गर्दी नसेल, तर कार्ड बदलून हाती फारसे काही लागणार नाही. योजना २०० ची असेल, तर मात्र हेच कार्ड वाट अडवून बसलेले असेल.

९/
निर्णयापूर्वी दोन चाचण्या विनाखर्च होतात. एक : लॅपटॉप राउटरला केबलने जोडून वेग मोजा. केबलवर वेग वाढला, तर दोष वायरलेसमध्ये. तो तितकाच मंद राहिला, तर दोष बहुधा योजनेत किंवा राउटरमध्ये. दोन : त्याच जागी नवा मोबाइल त्याच वायफायवर लावून पाहा. मोबाइल वेगवान आणि लॅपटॉप मंद असेल, तर कार्डावर संशय पक्का. तेव्हा ५ गिगाहर्ट्झचे कार्ड घेण्यात अर्थ आहे. अर्थात राउटरही त्या पट्ट्यावर चालणारा हवा. काही लॅपटॉप कंपनीने ठरविलेलीच कार्डे स्वीकारतात, काहींत कार्ड बोर्डावरच जोडलेले असते. अशा वेळी यूएसबीचा छोटा ॲडॅप्टर हा स्वस्त मार्ग आहे.

१०/
कायद्यानेही आपला वाटा उचलला आहे. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग घराबाहेरील वापरासाठीही खुला झाला. हवेतील ही मोकळीक नसती, तर उत्तम कार्डही निरुपयोगी ठरले असते.

वारणाकाठच्या वाचकांना एक विनंती : आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी ती संगणक केंद्रे पाहिली असतील, तर त्यांच्या आठवणी येथे अवश्य नोंदवा. हा इतिहास अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही.