पदक का मिळाले?

छायाचित्रांच्या स्पर्धेत फोटो पाठवणाऱ्याला दोन गोष्टी कळायला हव्या असतात: आपला क्रमांक कितवा, आणि तो तितकाच का. पहिलीचे उत्तर निकालपत्रात मिळते, दुसरीचे मिळायला परीक्षकाने तोंड उघडावे लागते. एकोणिसाव्या शतकातील प्रदर्शने आणि स्पर्धा पाहिल्या, तर पदकांनी छायाचित्रणाला प्रतिष्ठा दिली हे खरे. छायाचित्रणाची समज मात्र वाढवली ती परीक्षकांच्या शेऱ्यांनी. त्यातही आपली मोजपट्टी उघडपणे मांडणाऱ्या शेऱ्यांचा वाटा मोठा होता. जे शेरे मोजपट्टी गृहीत धरून चालले, त्यांनी चांगले फोटोही हास्यास्पद ठरवले.

ही गृहीत मोजपट्टी कारखान्यातून आली होती. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात छायाचित्रांना जागा मिळाली ती कलाकृतींमध्ये नव्हे, शास्त्रीय उपकरणांच्या वर्गात. मालाची प्रत जशी पाहावी तशी फोटोची प्रत पाहिली जाई: रेषा रेखीव आहे का, कागदावर डाग नाही ना, बारकावे उतरले आहेत का. हिंदुस्थानातही हीच रीत रुजली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्यानंतरच्या वर्षी मद्रासला भरलेले प्रदर्शन तर कच्चा माल, कला आणि उत्पादने यांचे होते. तिथे लिनियस ट्राइप या लष्करी अधिकाऱ्याने काढलेल्या हळेबीड-बेलूरच्या मंदिरांच्या छायाचित्रांना पदक मिळाले आणि त्याच वर्षी ब्रह्मदेशाला निघालेल्या सरकारी शिष्टमंडळाबरोबर ट्राइप यांची छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली. या कामासाठी ती मोजपट्टी रास्तच होती. दगडातले कोरीवकाम वाचता आले नाही, तर मंदिराच्या फोटोचा अभ्यासकाला काय उपयोग?

घोळ झाला तो हीच मोजपट्टी माणसाच्या चेहऱ्याला लावली तेव्हा. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६४पासून काढलेली व्यक्तिचित्रे मुद्दाम धूसर होती. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या नियतकालिकाने त्यांच्या धाडसाला दाद दिली, पण त्यापायी फोटोचे बाकीचे सगळे गुण गमावले असा शेरा मारला. १८६५च्या बर्लिन प्रदर्शनात छायाचित्रकारांना हसू आवरत नव्हते आणि चित्रकार मात्र भारावले होते, अशी नोंद प्राध्यापक हर्मान फोगल यांनी केली आहे. तिथे कॅमेरॉन यांना कांस्यपदक मिळाले, पुढच्या वर्षी बर्लिनमध्येच सुवर्णपदक. शेऱ्यांकडे दुर्लक्ष करूनच त्या मोठ्या झाल्या, मग शेऱ्यांची गरज काय, असे कोणी विचारील. पण त्यांनी दुर्लक्ष केले नाही. शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना १८६४च्या अखेरीस लिहिलेल्या पत्रात त्यांनी थेट मुद्द्याला हात घातला: योग्य फोकस कोणता, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा? नापसंती ऐकून घेतली म्हणूनच हा प्रश्न इतका नेमका झाला. लंडनच्या शेऱ्यात उणीव कठोरपणाची नव्हती. रेखीवपणाच का हवा, हे त्याने सांगितलेच नाही.

विषय ठरवून दिलेल्या स्पर्धांनी ही उणीव भरून निघण्याची सोय केली. 'ॲमॅच्युअर फोटोग्राफर' हे लंडनचे साप्ताहिक १८८४ साली सुरू झाले आणि १८८७ साली त्याने सुट्टीत काढलेल्या छायाचित्रांची स्पर्धा घेतली. परीक्षक होते छायाचित्रकार पीटर हेन्री एमर्सन. पहिला आला २३ वर्षांचा आल्फ्रेड स्टिग्लिट्झ, बर्लिनमध्ये त्याच फोगल यांच्याकडे शिकणारा. इटलीतल्या बेलाजिओ गावी हसत्याखिदळत्या मुलांचा त्याने फोटो काढला होता. बक्षीस रौप्यपदक आणि दोन गिनी. स्टिग्लिट्झ यांनी पुढे सांगितल्यानुसार, आलेल्या कामात उत्स्फूर्त असे हे एकच, हे एमर्सन यांनी दिलेले कारण होते. विषयाचे बंधन प्रतिभेला जाचते, हा आक्षेप इथे तपासून पाहता येतो. सर्वांनी एकच विषय हाताळला होता, म्हणून 'उत्स्फूर्त' हा शेरा मोघम कौतुक उरला नाही. बाकीच्या फोटोंत काय नाही, हेही त्याने सांगितले. मंदिर, चेहरा आणि सहल एकाच रांगेत लावली असती, तर परीक्षकाला पुन्हा रेषेच्या रेखीवपणावरच यावे लागले असते.

याहून गंभीर आक्षेप असा, की कारणे देणारा परीक्षक आपली आवड इतरांवर लादतो. त्याला पुरावा खुद्द स्टिग्लिट्झ यांच्याच आयुष्यात सापडतो. १८९३च्या हिमवादळात न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर घेतलेले त्यांचे छायाचित्र सहकाऱ्यांनी धूसर म्हणून टाकाऊ ठरवले होते. पुढे १८९७ साली तेच न्यूयॉर्कच्या कॅमेरा क्लबच्या 'कॅमेरा नोट्स' या नियतकालिकाचे संपादक झाले आणि क्लबच्या सभासदांची तक्रार आली की हे नियतकालिक एकाच माणसाच्या आवडीने चालते. १९०२मध्ये त्यांनी ते सोडले. तक्रार निराधार नव्हती, पण ती करता आली याचे कारण त्यांची आवड पानापानावर छापलेली होती. एमर्सन यांचेही तसेच. १८८९च्या पुस्तकात त्यांनी नैसर्गिक छायाचित्रणाचे नियम मांडले. हर्टर आणि ड्रिफील्ड यांच्या संशोधनानंतर, छायाप्रकाशाच्या पायऱ्या छायाचित्रकाराला हव्या तशा बदलता येत नाहीत, हे त्यांना पटले आणि दोन वर्षांच्या आत त्यांनी तो सिद्धान्त जाहीरपणे मागे घेतला. मुळात कारण लिहिलेलेच नसते, तर मागे काय घेतले असते? नुसते पदकही कुणाची तरी आवडच लादते. फक्त ती कुणाची, हे कळू देत नाही.

म्हणून परीक्षक निःपक्षपाती असावा ही अपेक्षा पुरेशी नाही, आणि बहुधा ती पुरी होण्यासारखीही नाही. त्याने विषयाला धरून, इतर फोटोंच्या तुलनेत, आपण काय शोधत होतो ते सांगावे. स्पर्धकाला ते पटले तर तो शिकेल. नाही पटले, तर कॅमेरॉन यांच्यासारखा उलट प्रश्न विचारील. दोन्हींत छायाचित्रणाचा फायदाच आहे.